दान तोलणारे स्वतःला कसे तोलतात

आमचा एक छोटा ट्रस्ट आहे. वर्षातून दोनदा नेत्रतपासणी शिबिर, जूनमध्ये वह्यावाटप आणि सप्टेंबरात वार्षिक सभा. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं, ‘यंदा चारशेहून अधिक गरजूंना मोफत चष्मे वाटले.’ सभेत वाचलं, टाळ्या पडल्या, ‘मंजूर, मंजूर’ झालं आणि मंडळी बटाटेवड्याकडे वळली. महिन्याभरानं दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेलो, तर एका आजींच्या घरी आमचा चष्मा दिसला. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, डबीत, वरून प्लास्टिकच्या पिशवीत. ‘चांगला आहे ना, म्हणून जपून ठेवलाय,’ आजी म्हणाल्या. ‘लग्नाबिग्नाला घालते.’

तेव्हापासून ‘वाटले’ हे क्रियापद लिहिताना हात अडखळतो.

शाळेत गणित सुटलं की गुरुजी ताळा करायला लावायचे. भागाकार केलास ना, मग आता भाजकानं गुणून बघ, बाकी मिळव, मूळ संख्या येते का? आपल्याकडच्या बहुतेक संस्थांच्या अहवालात उत्तर असतं, ताळा नसतो. माझ्याही अहवालात नव्हता. म्हणून दुसऱ्या संस्थांचा ताळा करणं हेच जिचं काम आहे, त्या गिव्हवेल या अमेरिकी संस्थेबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता तिच्या शिफारशींपेक्षा मला भलत्याच गोष्टीत रस वाटू लागला. इतरांना मार्क देणारी ही मंडळी स्वतःचा पेपर कसा तपासतात?

आधी थोडी ओळख. २००६ साली ब्रिजवॉटर नावाच्या हेज फंडात, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे बाजारात फिरवणाऱ्या कंपनीत, होल्डन कार्नॉफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड हे दोघे तरुण नोकरीला होते. त्यांना आणि काही मित्रांना देणगी द्यायची होती. त्यांनी संस्थांना विचारायला सुरुवात केली, ‘आमच्या पैशांतून नक्की काय होईल?’ उत्तरादाखल गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं आली. हसऱ्या मुलांचे फोटो आले. आकडे आले नाहीत. ही माहिती कुणी जमवतच नाही, असं लक्षात आल्यावर २००७ साली दोघांनी नोकरी सोडून गिव्हवेल सुरू केली. २०१० साली ही मंडळी काही महिने मुंबईत मुक्कामालाही होती, इथल्या संस्थांचं काम जवळून बघायला.

त्या काळी संस्था पारखायची रूढ पद्धत म्हणजे प्रशासनावर किती टक्के खर्च होतो ते बघणं. जितका कमी, तितकी संस्था चांगली. हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. आमच्या ट्रस्टचा प्रशासन खर्च जवळजवळ शून्य. सगळे विनापगारी, स्टेशनरीसुद्धा पदरची. पण म्हणून आजींचा चष्मा नाकावर येत नाही. गिव्हवेलनं हा मापदंड बाजूला ठेवला आणि वेगळे प्रश्न धरले. कामाचा उपयोग होतो याला पुरावा काय? एवढ्या पैशांत किती उपयोग? आणि आणखी पैसे दिले तर ते खरंच कामी लागतील का? आज तिच्या सर्वोच्च यादीत फक्त चार कार्यक्रम आहेत: मच्छरदाण्या, पावसाळ्यात लहान मुलांना द्यायच्या मलेरियाच्या गोळ्या, जीवनसत्त्व ‘अ’ आणि नायजेरियात बाळाला लस टोचून घेणाऱ्या आयांना छोटी रोख रक्कम. यांतून एक जीव वाचवायला साधारण ३,००० ते ५,५०० डॉलर लागतात, असा तिचा अंदाज आहे.

आता मूळ प्रश्न. गिव्हवेल स्वतः एकही मच्छरदाणी वाटत नाही. ती सल्ला देते आणि देणगीचे पैसे पुढे पोहोचवते. मग तिचं वर्ष बरं गेलं की वाईट, हे मोजायचं कशावर?

सगळ्यात सोपा आकडा म्हणजे तिच्या सल्ल्यानुसार किती पैसा संस्थांकडे गेला. हा आकडा ती सुरुवातीपासून दरवर्षी जाहीर करते. २०१२ साली तो एक कोटी डॉलरच्या जरा खाली होता. २०१४ साली पावणेतीन कोटींच्या पुढे. २०१५ साली एकदम ११ कोटी. दुसरी एखादी संस्था असती तर या आलेखाचा फलक करून दारात लावला असता. पण त्या ११ कोटींतले सुमारे सात कोटी ‘गुड व्हेंचर्स’ या एकाच प्रतिष्ठानाचे होते. फेसबुकचे एक संस्थापक डस्टिन मॉस्कोव्हिट्झ आणि त्यांची पत्नी कॅरी ट्यूना यांचं हे प्रतिष्ठान. गिव्हवेल आपल्या हिशेबात या प्रतिष्ठानाचा आकडा वेगळा दाखवत असे आणि बाकीच्या देणगीदारांचा वेगळा. एका घरचं लग्न मोठ्या थाटात झालं म्हणून गावाची परिस्थिती सुधारली असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

पण बाकीचा आकडा तरी खरा का? इथे तो प्रश्न येतो, ज्यावर या सगळ्या विषयाचा डोलारा उभा आहे. त्याला मी आपला ‘नसतं तर’ म्हणतो. समजा सांगलीची माझी आत्या दरवर्षी दहा हजार रुपये दान करते. यंदा माझ्या सांगण्यावरून तिनं ते एका चांगल्या संस्थेला दिले. मी लगेच ‘दहा हजार रुपये उभे केले’ असं लिहायचं का? मी नसतो तरी आत्यानं ते कुठेतरी दिलेच असते. कदाचित कुठल्या तरी बऱ्या ठिकाणीच. माझं श्रेय फक्त फरकाएवढं: आता झालेला उपयोग वजा एरवी झाला असता तो उपयोग. आत्या एरवी देणारच नसेल तर फरक मोठा. एरवीही तिथेच देणार असेल तर माझं श्रेय शून्य, नुसती बडबड.

गिव्हवेल हा प्रश्न आपल्या देणगीदारांना थेट विचारते: ‘आम्ही नसतो तर हे पैसे कुठे गेले असते?’ उत्तरं अर्थातच कच्ची असतात. माणसं स्वतःबद्दल जरा बरंच बोलतात. पण प्रश्न विचारलाच नाही तर एकूण आकडा फुगतच जातो आणि तो फुगलाय हेही कळत नाही. आमच्या चष्म्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. त्या चारशेतले कितीजण एरवीही तालुक्याला जाऊन चष्मा घेणारच होते? मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

शेजारचा प्रांत

स्वतःच्या चुकांचं एक पान गिव्हवेलनं फार लवकर उघडलं. त्याची सुरुवात लाजिरवाणी आहे. संस्था जेमतेम उभी राहत असताना, २००७ च्या अखेरीस, कार्नॉफ्स्की यांनी इंटरनेटवरच्या चर्चांत आपली ओळख लपवून स्वतःच्याच संस्थेचं कौतुक केलं आणि ते उघडकीला आलं. इतरांकडून पारदर्शकता मागणाऱ्या संस्थेचा प्रमुख! विश्वस्तांनी त्यांचं कार्यकारी संचालकपद काढून घेतलं आणि पाच हजार डॉलरचा दंड ठोकला. हे प्रकरण आजही त्या चुकांच्या यादीत आहे. आपल्याकडे अशी गोष्ट पुढच्या अहवालात ‘काही गैरसमजांमुळे’ या दोन शब्दांत आटोपली असती.

पण ती चूक वागणुकीची होती. मला जास्त शिकवलं ते हिशेबाच्या चुकीनं.

२०११ च्या सप्टेंबरात गिव्हवेलनं दुसऱ्यांची एक मोठी चूक पकडली. जंतांवरच्या गोळ्या किती स्वस्तात किती आजार टाळतात, याचा एक आकडा जागतिक आरोग्याच्या एका प्रतिष्ठित संदर्भग्रंथात होता: निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला ३.४१ डॉलर. सगळे तो आकडा वापरत होते. गिव्हवेलनं त्यामागची स्प्रेडशीट मागवून घेतली आणि सूत्रं एकेक करून तपासली. पाच चुका निघाल्या. दुरुस्त आकडा आला ३२६.४३ डॉलर. जवळजवळ शंभर पट! एवढ्या मोठ्या तज्ज्ञांच्या पुस्तकात चुकलेलं सूत्र वर्षानुवर्षं बसून होतं आणि कुणी त्या चौकटीवर टिचकी मारून बघितलं नव्हतं.

आणि काही महिन्यांतच पाळी स्वतःवर आली. मोझांबिकच्या उत्तर टोकाला काबो देल्गादो नावाचा प्रांत आहे. तिथे व्हिलेजरीच ही संस्था लसपुरवठ्याचं काम करत होती. लस थंड ठेवावी लागते. खेड्यातल्या दवाखान्यात वीज नाही, फ्रीज गॅसवर चालतो, गॅस संपला की लस वाया. एरवी दवाखान्यातली परिचारिकाच काम सोडून लस आणायला जिल्ह्याला जायची. व्हिलेजरीचनं ते उलटं केलं. गाडीच दर महिन्याला दवाखान्यांच्या दारात जाऊ लागली, लस घेऊन, गॅस घेऊन, बिघडलेला फ्रीज दुरुस्त करणारा माणूस घेऊन. २००२ ते २००७ या काळात प्रांतातलं लसीकरण सत्तर टक्क्यांच्या आतून पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास गेलं. गोष्ट इतकी पटणारी आहे की वाचतानाच खिशात हात जातो. गिव्हवेलनंही २००९ पासून या संस्थेला आपल्या यादीत अगदी वरचं स्थान दिलं होतं आणि तिच्या भरवशावर लोकांनी लाखो डॉलर दिले होते.

२०१२ साली गिव्हवेलनं आपलंच मूल्यमापन पुन्हा उघडलं. शेजारच्या नियासा प्रांताकडे नीट बघितलं, जिथे व्हिलेजरीचचं काम नव्हतं. तिथेही त्याच वर्षांत लसीकरण जवळपास तसंच वाढलेलं होतं.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. मी नवं खत टाकलं, पीक दीडपट आलं. बांधापलीकडच्या शेतात खत टाकलेलं नाही, पण पीक तिथेही दीडपट. मग श्रेय खताचं की पावसाचं? खत वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही. मी मात्र खताच्या नावावर जमा केलेलं सगळं श्रेय आता तिथे ठेवता येत नाही. गिव्हवेलनं हे सगळं जाहीर लिहिलं: आमचा आधीचा विश्वास जास्त होता, पुरावा तेवढा भक्कम नव्हता, आम्ही नीट बघायला हवं होतं. त्यात गाडीवाल्या संस्थेची लबाडी नव्हती, हेही स्पष्ट केलं. चूक परीक्षकाची होती.

इथे एक कंगोरा आहे. नियासाची आकडेवारी काही कुलूपबंद नव्हती. फक्त तिच्याकडे आधी नीट बघितलं गेलं नाही, कारण गोष्ट छान जुळत होती. मला वाटतं, स्वतःचं मूल्यमापन करताना सगळ्यात मोठा धोका खोट्या आकड्यांचा नसतोच. आवडलेल्या गोष्टीचा असतो.

आधी लिहून ठेवायचं

आवडीवर उतारा काय? त्यांनी जो शोधला तो साधा आहे आणि म्हणूनच जड जातो. अनुदान देतानाच भाकीत लिहून ठेवायचं, तारीख आणि टक्केवारीसकट. ‘अमुक महिन्यापर्यंत अमुक इतक्या मुलांपर्यंत हे पोहोचेल, खात्री ७० टक्के.’ ‘दोन वर्षांनी आम्ही याच संस्थेला पुन्हा पैसे देऊ, खात्री ६० टक्के.’ आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण घडण हीच. गिव्हवेलच्या अनुदानाच्या टिपणांत अशी भाकितं असतात आणि मुदत संपली की ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असा निकाल लागतो.

यात गंमत टक्क्यांची आहे. ‘७० टक्के’ म्हटलं आणि ती गोष्ट झाली नाही, तर मी चुकलो का? एका भाकितावरून सांगता येत नाही. पण ‘७० टक्के’ असा शिक्का मारलेली शंभर भाकितं गोळा केली आणि त्यांतली पन्नासच खरी ठरली, तर मी फाजील आत्मविश्वासानं बोलतोय हे उघड होतं. पंचाण्णव खरी ठरली तरी गडबडच. मी उगाच घाबरत लिहितोय आणि कदाचित धाडसी अनुदानं टाळतोय. म्हणजे भाकीत चुकणं हा गुन्हा नाही, सगळी भाकितं बरोबर येणं हे काही भूषण नाही. खात्री आणि निकाल यांचा मेळ बसला पाहिजे.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. फोर्टिफाय हेल्थ ही संस्था गव्हाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व ‘बी-१२’ मिसळायला गिरणीमालकांना मदत करते. सुरुवात महाराष्ट्रात आणि पश्चिम बंगालमध्ये झाली. गिव्हवेलनं २०१८ साली या अगदी नव्या संस्थेला सुमारे तीन लाख डॉलर दिले, पुढच्या वर्षी दहा लाख आणि २०२१ च्या अखेरीस ८० लाखांच्या वर. रकमांचा हा जिनाच पुरेसा बोलका आहे. पहिल्या पायरीवर प्रश्न ‘किती जणांचा ॲनिमिया बरा झाला’ हा नव्हताच, तो विचारण्याइतकं काही झालेलंच नव्हतं. गिरणीवाला हो म्हणतो का? म्हटला तर मिश्रण सोडणारं यंत्र खरंच चालू ठेवतो का, की तपासणीच्या दिवशीच? पिठाच्या नमुन्यात लोह सांगितलं तेवढं सापडतं का? पुढचा पैसा या असल्या उत्तरांवर अवलंबून.

आणि एक प्रश्न तर आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत गहू निवडून, डबा भरून, नाक्यावरच्या गिरणीतून दळून आणतात. ‘विकतच्या पिठाच्या पोळ्या वातड होतात’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते घर पाकीटबंद पिठाच्या योजनेत येतच नाही. ज्या बाईला लोहाची सर्वांत जास्त गरज आहे ती पाकीट घेते की डबा घेऊन गिरणीत जाते, यावर सगळा हिशेब फिरतो. असल्या गोष्टी गिव्हवेलच्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कचेरीत बसून कळत नाहीत, हे या मंडळींनाही मान्य असावं. म्हणून तर पायऱ्या.

भाकीत साफ आपटल्याचं उदाहरण बांगलादेशातलं. उत्तरेला रंगपूर भागात भातलावणीनंतर कापणीपर्यंत शेतात काम नसतं. त्या उपासमारीच्या दिवसांना तिकडे ‘मोंगा’ म्हणतात. संशोधकांनी एक प्रयोग केला: मजुराला बसभाड्यापुरते पैसे द्या, तो शहरात जाऊन काम शोधेल. छोट्या प्रयोगांत निकाल उत्तम. जास्त माणसं गेली, घरी जास्त जेवण शिजलं. एव्हिडन्स ॲक्शन या संस्थेनं त्याचा मोठा कार्यक्रम केला आणि २०१७ साली गिव्हवेलनं तो सर्वोच्च यादीत घेतला. त्याच हंगामात मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचणीचा निकाल आला, तर स्थलांतर वाढलेलंच नव्हतं. पुढच्या वर्षी दोन्ही संस्थांनी मिळून ठरवलं की यासाठी नव्यानं पैसे मागायचे नाहीत आणि २०१९ साली कार्यक्रम बंदच केला.

हे अपयश म्हणायचं का? कार्यक्रमाचं, हो. पण ही मोठी चाचणी करायची कुणावर सक्ती नव्हती. यादीत नाव आलं होतं, देणग्या येत होत्या, ‘वाटले’ असं लिहायची पूर्ण सोय होती.

उलटी उदाहरणंही आहेत. नायजेरियात लसीसाठी रोख रक्कम देणाऱ्या ‘न्यू इन्सेंटिव्ह्ज’ला दिलेल्या जुन्या अनुदानाकडे गिव्हवेलनं अलीकडे मागे वळून बघितलं, तर एका बाळामागचा खर्च आधीच्या अंदाजापेक्षा बराच कमी आलेला होता. चूक बऱ्या दिशेनं झाली होती, पण अंदाज चुकलाच. दोन्हींची नोंद सारखीच करायची, हे शिस्तीचं काम आहे.

माप हललं तर

आतापर्यंतचं सगळं समजायला सोपं आहे. आता जरा अवघड.

बाजारात भाजीवाल्याच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. गिव्हवेलचं माप आहे रोख पैसा. गरीब माणसाच्या हातात सरळ रोख दिली तर जो उपयोग होतो, तो ‘एक’ धरायचा. मग दुसरा कार्यक्रम त्याच्या किती पट, ते काढायचं. २०२२ पासून तिनं अनुदानाची पातळी साधारण ‘दहा पट’ अशी ठेवली. त्याच वर्षी सर्वोच्च यादीचे निकष कडक केले. आफ्रिकेत गरीब कुटुंबांना थेट रोख देणारी गिव्हडायरेक्टली आणि जंताच्या गोळ्यांचे कार्यक्रम यादीतून बाहेर गेले. गिव्हडायरेक्टली दहा वर्षं त्या यादीत होती.

दोनच वर्षांनी, २०२४ च्या नोव्हेंबरात, गिव्हवेलनं जाहीर केलं की रोख रकमेचा उपयोग आम्ही कमी धरत होतो. तो आधीच्या अंदाजाच्या तिप्पट-चौपट असावा. केनियातल्या सियाया भागात साडेसहाशेहून अधिक गावांत मोठा अभ्यास झाला होता. काही गावांत घराघरांत सुमारे हजार डॉलरची रोख दिली, काही गावांत नाही. पैसे मिळालेल्यांनी ते दुकानात, सुताराकडे, मजुरीत खर्च केले आणि ज्यांना दमडीही मिळाली नव्हती अशा शेजाऱ्यांचीही कमाई वाढली. वाटलेल्या एका डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत अडीच डॉलरच्या आसपास भर पडली. पाटाचं पाणी एका शेतात सोडलं तरी शेजारची विहीर भरते, तसं. गिव्हवेलच्या जुन्या हिशेबात ही विहीर जवळजवळ नव्हतीच.

आता काय करायचं? ‘एक किलो’चं वजनच साडेतीन किलोचं निघालं, तर आतापर्यंतची सगळी मोजमापं बदलायची? त्यांनी मोजायचं एकक जुनंच ठेवलं आणि रोख रकमेला त्या एककात वरचा दर्जा दिला. व्यवहार म्हणून ठीक. पण मला यातली खरी गोष्ट वेगळी दिसते. आपल्या पायाखालचंच माप हललंय, हे त्यांनी स्वतः शोधून, स्वतः सांगितलं. यादीतून काढलेल्या संस्थेच्या बाजूनं जाणारा निष्कर्ष होता तो.

जंताच्या गोळ्यांचंही तसंच. पुरावा मुख्यतः केनियात १९९८ च्या सुमाराला सुरू झालेल्या एका अभ्यासाचा. गोळ्या मिळालेली मुलं मोठेपणी जास्त कमावतात, असा निष्कर्ष. अभ्यास करणाऱ्यांतले मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर. आपल्याला अभिमान वाटायला तेवढं पुरतं.) नोबेल असो की नसो, गिव्हवेल त्या परिणामातला फक्त १३ टक्के भाग धरते. एवढा मोठा फायदा दुसरीकडे पुन्हा दिसेल याची खात्री नाही म्हणून. २०२२ साली बाहेरच्या एका संशोधन संस्थेनं दाखवलं की हा फायदा वर्षांगणिक ओसरत जातो आणि गिव्हवेलच्या गणितात ओसरणं धरलेलंच नाही. गिव्हवेलनं चूक मान्य करून टीकाकारांना बक्षीस दिलं आणि त्याच वर्षी खुली स्पर्धा लावली: आमचं मत बदलून दाखवा, पहिलं बक्षीस २०,००० डॉलर. पुढे घरातल्याच माणसांना विरोधी पक्षात बसवून सर्वोच्च कार्यक्रमांवर हल्ला करायला सांगितलं.

आमच्या सभेत कुणी प्रश्न विचारला तर पुढच्या वर्षी त्याला निमंत्रणपत्रिका उशिरा पोहोचते.

पुढचं नियोजन हा आणखी वेगळा जुगार. २०२१ च्या अखेरीस गिव्हवेलनं लक्ष्य ठेवलं की २०२५ पर्यंत वर्षाला १०० कोटी डॉलर चांगल्या कामाला लावायचे. तेव्हा अडचण पैशांची नव्हती. चांगली कामं शोधायचा वेग कमी पडत होता, म्हणून आलेल्यांतले काही कोटी पुढच्या वर्षासाठी मागे ठेवायची वेळ आली. देणगीदारांना हे रुचत नाही, साहजिक आहे. ‘दिलेत ना पैसे, मग वाटा की!’ पण चांगलं काम सापडलं नाही म्हणून सामान्य कामात पैसे ओतले, तर मग पारखायचं कशाला? २०१३ साली त्यांनी मच्छरदाण्यांच्या संस्थेचं नाव यादीतून वर्षभर बाजूला ठेवलं होतं. काम वाईट म्हणून नव्हे, तर आधीचे पैसे कुठल्या देशात लावायचे ते तिचं अजून ठरत नव्हतं म्हणून.

मग शेअर बाजार कोसळला. सर्वांत मोठ्या देणगीदाराची, म्हणजे त्या गुड व्हेंचर्सवाल्यांची, संपत्ती घटली आणि २०२२ साठी त्यांचा ५० कोटी डॉलर द्यायचा विचार होता तो ३५ कोटींवर आला. वर्षभरात चित्र उलटलं. आता कामं जास्त आणि पैसे कमी. १०० कोटींचं भाकीत खाली आणावं लागलं. त्यातच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारनं परदेशी मदत गोठवली आणि आतापर्यंत कुणीतरी भरत असलेली भोकं एकाएकी उघडी पडली. ‘नसतं तर’ या प्रश्नाचं उत्तरच बदललं. सरकार नाही म्हणजे तेच काम आता आपण केलं तर फरक जास्त.

एक नियम मात्र या चढउतारांतही मला शहाणपणाचा वाटतो. गिव्हवेलचा स्वतःचा कारभार चालवायला लागणारा पैसा, म्हणजे पगार, भाडं वगैरे, कुणा एका देणगीदाराकडून वीस टक्क्यांहून जास्त घ्यायचा नाही. ज्याच्या पैशावर घर चालतं, त्याचा हिशेब परखडपणे तपासता येत नाही.

आणि काही गोष्टींचा ताळा करताच येत नाही. पाच वर्षांखालचं मूल वाचवणं आणि एका कुटुंबाची कमाई दुप्पट करणं, यांतलं जास्त मोलाचं काय? स्प्रेडशीटमध्ये तिथेही एक आकडा टाकावा लागतो. बराच काळ तो आकडा कचेरीतल्या माणसांच्या मनातून यायचा. मग एका संशोधन संस्थेनं घाना आणि केनियातल्या सुमारे दोन हजार लोकांना जाऊन विचारलं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच. लहान मुलांच्या जिवाला त्यांनी अपेक्षेपेक्षाही जास्त मोल दिलं. हिशेबात तो आकडा बदलला. पण तो बरोबर आहे की नाही हे कुठल्या पद्धतीनं गुणून बघायचं?

आमचं पुढचं शिबिर दिवाळीनंतर आहे. यंदा आम्ही सातही विश्वस्तांनी एकेक चिठ्ठी लिहिली: सहा महिन्यांनी अचानक घरी गेलो तर दहांतले किती जण चष्मा लावलेले सापडतील. कुणी नऊ लिहिलं, कुणी सहा. मी चार लिहिलंय. पाकीट खजिनदारांच्या कपाटात आहे. घरोघरी जाऊन बघायचं म्हणजे रिक्षा करावी लागणार, आणि ते भाडं प्रशासन खर्चात घालायचं की शिबिराच्या, यावर आमचा वाद अजून चालू आहे.